कपाट तीन एप्रिल

एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ आडव्या ओळी मावतात. आमच्या वाचनालयात पुस्तकं चौदा हजारांच्या आसपास. त्यामुळे 'जागा अपुरी' हे कार्यकारिणीचं आवडतं कारण या बाबतीत पहिल्याच बैठकीत बाद झालं. उभे रकाने १६,३८४, आणि शेवटच्याचं नाव एक्सएफडी. तिथवर सहसा कुणी जात नाही. आमचे एक ज्येष्ठ सभासद मात्र जाऊन आले. कंट्रोलची कळ आणि उजवीकडचा बाण एकदम दाबला गेला, घाबरून पुन्हा दाबला गेला, आणि काका यादीच्या पार पलीकडच्या काठावर पोचले. समोर नुसत्या रिकाम्या चौकटी. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग पडदा पुसला आणि हाक मारली, "बाई, पुस्तकं गेली हो सगळी!"

ग्रंथपाल बाई उठल्या, कंट्रोल आणि होम दाबून पुस्तकं परत आणली आणि पुन्हा देवघेवीच्या टेबलाशी जाऊन बसल्या. काकांनी काय केलं हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. विचारून उपयोग नसतो. "मी काही केलं नाही" हेच उत्तर येतं आणि ते खरं असतं. जे काही केलं ते बोटाने केलेलं असतं, आणि बोट काही सभासद नाही.

यादी करणारा आणि यादीत शोधणारा ही दोन निराळ्या जातीची माणसं. करणाऱ्याला रकाने दिसतात: दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, कपाट. शोधणाऱ्याला पुस्तक दिसत असतं. अगदी डोळ्यांसमोर, मुखपृष्ठासकट, कोपऱ्यावरच्या चहाच्या डागासकट. फक्त त्याचं नाव आठवत नसतं. पहिल्या माणसाने दुसऱ्यासाठी 'सोय' केली की जे होतं ते गेली काही वर्षं मी वाचनालयाच्या बाकावर बसून पाहतो आहे. वर्तमानपत्रं वाचायचं निमित्त आहे. खरी करमणूक संगणकाच्या टेबलाकडे असते.

मुळात एक्सेलचा तक्ता शोधाशोधीसाठी जन्मालाच आलेला नाही. डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकत होता. फळ्यावर आकड्यांचा तक्ता असायचा, त्यातला एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा मांडायचे. ही हमाली यंत्राने करावी असं त्याच्या मनात आलं. बॉब फ्रँकस्टनला जोडीला घेऊन त्याने व्हिजिकॅल्क तयार केलं, ते १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकावर आलं. मग १९८३ मध्ये लोटस १-२-३, आणि १९८५ मध्ये मॅकिन्टॉशवर एक्सेल. सगळे गणिताच्या घराण्यातले. पुढे एक्सेलच्या टीममध्ये काम केलेल्या जोएल स्पोल्स्की याने लिहून ठेवलं आहे की आपलं सॉफ्टवेअर लोक कसं वापरतात हे पाहायला मंडळी ग्राहकांकडे गेली, तर बहुतेक जण बेरीजसुद्धा न करता नुसत्या याद्या करत बसलेले. आमच्या वाचनालयाने यापेक्षा वेगळं काही केलं नाही. चौदा हजार पुस्तकं एक्सेलमध्ये चढवली आणि आजवर त्यांची एकदाही बेरीज केली नाही.

चढवली कुणी? दोन कॉलेजच्या मुलांनी, उन्हाळ्याच्या सुट्टीत, दाखल नोंदवह्या समोर ठेवून. एकाने पहिल्या वहीपासून सुरुवात केली, दुसऱ्याने शेवटच्या वहीपासून उलटं यायचं ठरवलं. मध्ये कुठेतरी भेट झाली. एकमेकांना पद्धत विचारायची राहून गेली. ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही. नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि अध्यक्षांनी जाहीर केलं की आता कुठलंही पुस्तक एका सेकंदात सापडेल. तो सेकंद पुढे बराच लांबला.

पहिला तडाखा क्रम लावण्याचा. एका उत्साही सभासदाला पुस्तकं अकारविल्हे हवी होती. त्यांनी शीर्षकाचा रकाना निवडला आणि क्रम लावायचं बटण दाबलं. एक्सेलने रीतसर विचारलं की शेजारचे रकानेही बरोबर हलवू, की एवढाच हलवू? प्रश्न इंग्रजीत होता. इंग्रजी प्रश्न आला की आपल्याकडे सुशिक्षित माणूस जी खालची गोल खूण असेल ती दाबून मोकळा होतो. शीर्षकं हलली, लेखक जागच्या जागी राहिले. दुसऱ्या दिवशी आमच्या यादीप्रमाणे 'श्यामची आई' भाऊ पाध्यांची होती आणि 'वासूनाका' साने गुरुजींचा. बाईंकडे जुनी प्रत पेनड्राइव्हवर होती म्हणून मराठी साहित्याचा इतिहास वाचला. नाहीतर त्या दिवसांत एक पीएचडीचा विद्यार्थी आमच्याकडे येत असे.

दुसरा तडाखा गाळणीचा. रकान्याच्या डोक्यावर बारीकसा बाण असतो, तो दाबला की लांबलचक यादी उघडते आणि प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण. एका मावशींनी सगळ्या खुणा काढून फक्त 'पाककृती' ठेवली, हवं ते पाहिलं, वहीत उतरवलं आणि समाधानाने फाईल सेव्ह करून घरी गेल्या. सेव्ह करायचं त्यांना शिबिरात शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात लोणची, मसाले आणि उपवासाचे पदार्थ एवढंच साहित्य उरलं होतं. ओळींचे आकडे डावीकडे निळे झाले होते. काही ओळी लपल्या आहेत हे सांगायची एक्सेलची ती पद्धत. निळ्या आकड्यांवरून एवढं ओळखायचं हे नवशिक्या माणसाने कुठून शिकावं? सचिवांनी तर तातडीची बैठक बोलावली होती, विषय 'ग्रंथसंपदेची घट'.

कंट्रोल-एफ ही कळ त्यामानाने निरुपद्रवी. पण तिच्या चौकटीत 'शोधा'च्या शेजारीच 'बदला' असतं. ज्या घरात शेजारच्या दाराने गेलं की भिंत पाडली जाते, त्या घरात पाहुण्यांना एकटं सोडू नये. कुणीतरी माडगूळकरांचं आडनाव ऱ्हस्व लिहिलेलं पाहून सद्भावनेने 'गुळ'च्या जागी 'गूळ' अशी सरसकट दुरुस्ती केली. माडगूळकर शुद्ध झाले. पाककृतींच्या विभागात गुळाच्या पोळ्या मात्र 'गूळाच्या' झाल्या, त्या अजून तशाच आहेत.

आणि आता कपाट. पुस्तक कुठे ठेवलंय हे लिहिण्याची वाचनालयाची पद्धत फार जुनी: कपाट ३, फळी ४, म्हणून ३/४. एक्सेलच्या मते तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंना लहान आकडे असले की ती तारीखच. त्याने ३/४ चं मुकाट्याने '०३-एप्रिल' केलं. म्हणजे वाचकाने विचारावं पुस्तक कुठे आहे, आणि यादीने सांगावं तीन एप्रिलला. एक सद्गृहस्थ खरोखर "बरं, तेव्हा येतो" म्हणून निघाले होते. बाईंनी जिन्यातून परत आणलं. यातही एक उपप्रकरण आहे. ज्या दोन मुलांनी नोंदी केल्या, त्यातल्या एकाच्या लॅपटॉपवर तारखेची अमेरिकन पद्धत होती, आधी महिना मग दिवस. त्याच्याकडे ३/४ चं चार मार्च झालं. त्यामुळे अर्ध्या वाचनालयात कपाट म्हणजे दिवस आणि अर्ध्यात कपाट म्हणजे महिना. कपाट तेरापासून पुढे मात्र त्याची सुटका झाली, कारण अमेरिकेतही तेरावा महिना नाही.

हा घोळ फक्त आपल्या तालुक्यात होतो असं वाटून कुणी खंत करू नये. सात-बाराचा क्रमांक म्हणून कुणी भोळेपणाने ७/१२ टाइप केलं तर भारतीय पद्धतीच्या एक्सेलमध्ये सात डिसेंबर उगवतो. शास्त्रज्ञांचंही तेच. माणसाच्या काही जनुकांची नावं 'मार्च-१', 'सप्ट-१' अशी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करत असे, शोधनिबंधांत त्या तशाच छापल्या जात. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने हात टेकले आणि जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलला समजावण्यापेक्षा मानवजातीच्या जनुकांना समजावणं सोपं ठरलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेकडून करोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी काही दिवस गळून राहिल्या, कारण जुन्या प्रकारच्या एक्सेल फायलीत ६५,५३६ च्या पुढे ओळच नसते. हे मी बैठकीत सांगितल्यावर अध्यक्षांच्या चेहऱ्यावर जो दिलासा पसरला तो पाहण्यासारखा होता. "म्हणजे आपण आंतरराष्ट्रीय पातळीवर आहोत," ते म्हणाले.

तर या सगळ्यावर उपाय म्हणून अध्यक्षांच्या भाच्याला बोलावण्यात आलं. प्रत्येक संस्थेला असा एक भाचा असतो. हा पुण्यात हिंजवडीला नोकरीला, हुशार, नम्र, आणि घाईत. शनिवारी आला, रविवारी 'प्रगत शोध' नावाचं पान करून गेला. त्यात सात चौकटी होत्या. प्रत्येकीला उघडणारी यादी. दाखल क्रमांक निवडा, शीर्षक निवडा, प्रकाशक निवडा, वर्ष निवडा, किंमत निवडा. एवढं सगळं निवडता येणाऱ्या माणसाला शोधायची गरजच काय उरते, हा प्रश्न कुणी विचारला नाही. किमतीची चौकट मात्र एका सभासदाला फार आवडली. त्यांनी सर्वांत महाग पुस्तक शोधून काढलं आणि घरी नेलं. अनामत तेवढीच, मग स्वस्तातलं का न्यायचं?

आतली यंत्रणा व्हीलुकअपची होती. व्हीलुकअप हे एक्सेलमधलं शोधण्याचं सर्वांत प्रसिद्ध सूत्र, आणि त्याच्या सवयी ऐकण्यासारख्या आहेत. ते फक्त डावीकडून उजवीकडे पाहतं. ज्यावरून शोधायचं तो रकाना सगळ्यांत डावीकडे हवा. उत्तर कितव्या रकान्यात आहे ते तुम्ही मोजून सांगायचं. मध्ये कुणी नवा रकाना घातला तर मोजणी चुकली, आणि चुकली हे ते सांगणार नाही. आणि चौथ्या जागी 'तंतोतंत हवं' असं बजावलं नाही, तर ते 'जवळपासचं चालेल' असं धरून बसतं. यादी क्रमाने लावलेली नसेल तर हे जवळपासचं कुठलंही असू शकतं, आणि तेही ठाम आवाजात. २०१९ मध्ये एक्सलुकअप नावाचं शहाणं सूत्र आलं, जे न सांगताही तंतोतंतच शोधतं. पण ते नव्या एक्सेलमध्ये, आणि आमचा संगणक देणगीतून आलेला. भाच्याने पुढच्या खेपेला स्वतःच्या लॅपटॉपवर नवं 'फिल्टर' सूत्र वापरून सुंदर पान केलं. वाचनालयात उघडलं तर दिसलंही सुंदर. फक्त काहीही शोधायला गेलं की यादी जाऊन तिथे पाउंडाच्या खुणेसकट 'नेम?' असं उमटायचं. नाव विचारतोय म्हणून दोन सभासदांनी आपापली नावं टाइप केली.

इथे बाई मध्ये पडल्या. त्यांना एक्सेलमधलं सूत्र एकही येत नाही, पण त्यांच्याकडे एक वही होती. देवघेवीच्या टेबलावर लोक जे विचारतात ते त्या फावल्या वेळात लिहून ठेवत. "मागच्या वेळी नेलं होतं त्याचा पुढचा भाग." "लाल कव्हर, जाड, शेवटी तो मरतो." "टीव्हीवर लागलं होतं ते." "सुनेने सांगितलंय, नाव विसरले, पण लिहिणारी बाई आहे." "मधुमेहावर काहीतरी द्या, पण पथ्यं नकोत." "रहस्यकथा, पण घरात लहान मुलं आहेत." भाच्याने पानं उलटली. या प्रश्नांपैकी एकही त्याच्या सात चौकटींत बसत नव्हता. 'शेवटी तो मरतो' या रकान्याखाली निम्मी मराठी कादंबरी बसली असती, पण तो रकानाच नव्हता.

ग्रंथालयशास्त्रात एस. आर. रंगनाथन यांचे पाच नियम आहेत, १९३१ सालचे. रंगनाथन मूळचे गणिताचे प्राध्यापक. त्यांचा चौथा नियम असा की वाचकाचा वेळ वाचला पाहिजे. सात चौकटींनी भाच्याचा वेळ वाचत होता, कारण यादीत जे रकाने होते तेच त्याने उचलून पडद्यावर ठेवले होते. बाईंना हा नियम कोर्समध्ये होता. त्यांनी तो सांगितला नाही, नुसत्या अटी घातल्या. चौकट एकच हवी. ती पिवळी हवी आणि पानावर दुसरं काहीही पिवळं नको. अक्षरं माझ्या सासूबाईंना दिसतील एवढी. त्या चौकटीत काहीही लिहिलं तरी चालायला हवं: अर्धं नाव, लेखक, विषय, काहीही. एंटर सोडून कुठलीही कळ दाबायला लागू नये. कुणी काहीही दाबलं तरी मोडू नये. आणि सापडलं नाही तर इंग्रजीत ओरडायचं नाही, मराठीत सांगायचं.

भाचा म्हणाला, "मॅडम, मग यात टेक्निकल असं काही राहत नाही." बाई म्हणाल्या, "तेच हवंय."

पण टेक्निकल भरपूर होतं. फक्त ते पडद्यामागे गेलं. सगळे रकाने एकत्र चिकटवून एक लपवलेला रकाना केला, म्हणजे चौकटीतला शब्द कुठेही असला तरी सापडेल. पानाला कुलूप घातलं, पिवळी चौकट तेवढी उघडी ठेवली, आणि कुलूपबंद चौकटींवर जायलाही मनाई केली. त्यामुळे एंटर दाबलं तरी कर्सर दुसरीकडे पळत नाही, पिवळ्यातच राहतो. पुढचा माणूस येऊन तिथेच टाइप करतो, आधीचं आपोआप पुसलं जातं. या एका गोष्टीने जेवढी भांडणं वाचली तेवढी व्हीलुकअपच्या सगळ्या वंशाने वाचवली नसतील. मराठी टंकन न येणाऱ्यांसाठी रोमन अक्षरांचाही रकाना घातला, कारण मृत्युंजय शोधायला 'एम-आर-यू' आणि 'एम-आर-आय' अशा दोन्ही पंथांची माणसं येतात.

सापडलं नाही तर काय दाखवायचं यावर दोन बैठका झाल्या. अध्यक्षांचा मसुदा: 'आपण शोधत असलेला ग्रंथ प्रस्तुत ग्रंथालयाच्या संग्रही उपलब्ध असल्याचे आढळून येत नाही.' सचिवांनी त्यात 'तसदीबद्दल क्षमस्व' घातलं. बाईंनी लिहिलं: 'नाही सापडलं. अर्धंच नाव लिहून बघा, किंवा मला विचारा.' तेच ठरलं. 'मला' म्हणजे कोण, संगणक की बाई, अशी शंका निघाली, पण पेढे आले आणि ती मागे पडली.

सापडलं नाही ते शब्द आपोआप टिपून ठेवायचे, अशी बाईंची शेवटची मागणी होती. त्यासाठी भाच्याने मॅक्रो लिहिला. मॅक्रो असलेली फाईल उघडली की एक्सेल वरच्या बाजूला सुरक्षेच्या इशाऱ्याची एक पट्टी दाखवतं. ती पट्टी पिवळी असते. पहिल्या दिवशी तिघांनी तीत पुस्तकाचं नाव लिहायचा प्रयत्न केला.

महिन्याभराने ती 'नाही सापडलं'ची यादी बाहेर काढली. वाचकांच्या मनाचा इतका खरा दस्तऐवज माझ्या पाहण्यात नाही. कुणी 'नमस्कार' लिहिलं होतं. कुणी 'चांगलं पुस्तक'. कुणी 'चष्मा', बहुधा बाकावर विसरलेला. एकाने आपलं संपूर्ण नाव, पत्ता आणि सभासद क्रमांक दिला होता. पण सगळ्यांत जास्त वेळा न सापडलेलं नाव होतं 'वाऱ्यावरची वरात'. ग्रंथ निवड समितीने ताबडतोब ठराव करून एक प्रत मागवली. प्रत आली, नोंद करायला घेतली, आणि कपाटात आधीच्या तीन निघाल्या.

यातली गंमत डोळ्यांना दिसत नाही, शब्दशः दिसत नाही. 'वाऱ्या'मधला तो रफारासारखा नसलेला आडवा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा नुक्त्याच्या ऱ ची. दुसरी साध्या र ला पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडअक्षर ठेवण्याची. युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक ८२०५. पडद्यावर दोन्ही अगदी जुळी भावंडं. एक्सेलच्या लेखी त्यांची ओळखदेखील नाही. सुट्टीतल्या त्या दोन मुलांनी एकेक तऱ्हा वाटून घेतली होती. मग याच माळेतले बाकीचे मणी दिसू लागले. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' निम्म्या लोकांसाठी 'स्मृतीचित्रे'. पु. ल. कधी टिंबांसकट, कधी टिंबांशिवाय, कधी मध्ये जागा सोडून. आकडे कुठे देवनागरी, कुठे इंग्रजी. नावाच्या शेवटी स्पेसबार दाबायची एका मुलाची सवय, तीही जशीच्या तशी जतन झालेली.

अशा अडचणीवर परदेशात एक जुना उपाय आहे, साउंडेक्स. रॉबर्ट रसेल नावाच्या अमेरिकन माणसाने १९१८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं: नावाचं स्पेलिंग सोडा, उच्चार पकडा आणि त्याला एक अक्षर आणि तीन आकडे द्या. भाच्याने सभासदांच्या रोमन यादीवर तो चालवून पाहिला. पण साउंडेक्स पहिलं अक्षर तसंच ठेवतो, त्यामुळे डब्ल्यूवाले वाघमारे आणि व्हीवाले वाघमारे निराळ्या घराण्यात गेले. शेवटी व जाऊन ओ झालेले विदर्भातले जाधवही मूळच्या जाधवांना दुरावले. रसेलला वऱ्हाड माहीत नव्हतं.

शेवटी बाईंचाच तोडगा चालला. त्या म्हणाल्या, "लिहिणाऱ्यालाही ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही आणि शोधणाऱ्यालाही नाही. मग मध्ये तुझ्या सूत्राने कशाला शुद्धलेखन तपासायचं?" भाच्याने लपवलेल्या रकान्यात सगळ्या दीर्घ वेलांट्या ऱ्हस्व केल्या, दीर्घ उकार ऱ्हस्व केले, टिंबं आणि मोकळ्या जागा काढल्या, ८२०५ ला हाकललं, नुक्ता पुसला, आकडे एका जातीचे केले. पिवळ्या चौकटीत जे येईल त्यालाही शोधण्याआधी हीच आंघोळ. एकात एक घातलेली ही बदलाची सूत्रं. एक्सेल ती चौसष्ट थरांपर्यंत घालू देतं. चौसष्टच का हे मायक्रोसॉफ्टला ठाऊक, पण आकडा आपल्याकडचा वाटतो. पडद्यावर अर्थात पुस्तकांची नावं शुद्धच दिसतात. आत काय चाललंय हे व्याकरणाच्या निवृत्त सरांना अजून कळलेलं नाही आणि कार्यकारिणीने ते कळू न देण्याचं ठरवलं आहे.

चौकट इतकी उदार झाल्यावर उलटी तक्रार सुरू झाली: फार सापडतं. कवी बी यांची कविता हवी म्हणून एकाने 'बी' लिहिलं. कबीर आले, कोबीची लागवड आली, टीबीवरची पुस्तिका आली, आणि नारायण मुरलीधर गुप्ते काही आले नाहीत, कारण नोंद गुप्ते या नावाने होती. 'ग्रेस' लिहिलं की काँग्रेसचा इतिहास, खंडांसकट. 'अनिल' म्हटलं की अवचटांपासून बर्व्यांपर्यंत सगळे, आणि आ. रा. देशपांडे तेवढे गैरहजर. गडकऱ्यांची तर तीन बिऱ्हाडं: नाटकं स्वतःच्या नावावर, कविता गोविंदाग्रजांच्या, विनोद बाळकरामांचा. मराठी कवींनी टोपणनावं घेताना पुढच्या पिढ्यांच्या शोधखिडकीचा विचार केला नाही, हे नोंदवून ठेवायला हवं.

जुन्या लाकडी खणांतल्या कार्डांवर याची व्यवस्था होती. 'कुसुमाग्रज' काढलं की कार्डावर लिहिलेलं: 'शिरवाडकर, वि. वा. पहा'. कुणी तरी माणसाने कधी तरी माणसाचा विचार करून लिहिलेलं. यादी संगणकावर चढवताना ही 'पहा' कार्डं रद्दीत गेली, कारण त्यांना दाखल क्रमांक नव्हता. बाईंनी आता त्यांच्यासाठी एक नवा रकाना मागून घेतला आहे, त्याचं नाव 'लोक काय म्हणतात'. टोपणनावं तिथे जातात. शिवाय वहीतलं बाकीचंही: मृत्युंजयपुढे 'कर्णाचं, जाड', बनगरवाडीपुढे 'मास्तर, धनगर'. रोज दुपारी दोन-चार नोंदी भरल्या जातात. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात खरं शोधयंत्र हा रकानाच आहे, आणि त्यात सूत्र एकही नाही.

गावातल्याच एका कवींची मात्र पंचाईत झाली. त्यांनी स्वतःच्या टोपणनावाची नोंद त्या रकान्यात करून घेतली, आडनावाची केली, जन्मगावाची केली. मग लोकांसमोर पिवळ्या चौकटीत नाव लिहून एंटर दाबलं. संग्रह लगेच सापडला. शीर्षक, प्रकाशक, वर्ष, किंमत, कपाट, फळी, सगळं मोठ्या अक्षरांत, अगदी बाईंच्या सासूबाईंनाही दिसेल असं. शेवटचा रकाना 'शेवटची देवघेव'. तो कोरा होता. संग्रह एकोणीस वर्षांपूर्वीचा.

कवींनी इकडेतिकडे पाहिलं आणि बाईंना हळूच विचारलं, हा एवढा शेवटचा रकाना लपवता येतो का. येतो. कुलूप काढायचं, रकान्यात कुठेही उभं राहायचं, कंट्रोल आणि शून्य. बाईंनी सासूबाईंच्या औषधाची वेळ झाली म्हणून घड्याळ पाहिलं, मग कळ दाबली आणि तो संग्रह स्वतःच्या नावावर घरी नेला.